आमच्या गावावर संशोधन करणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

सुशासन, विकेंद्रीकरण, लोकसहभाग, तळागाळातली अधिकारसत्ता यांपैकी कशावरही प्रबंध, अहवाल किंवा गेला बाजार एखादं सादरीकरण करायचं तुमच्या मनात असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. त्यासाठी विकसनशील देश निवडलात हे तर फारच छान केलंत. विकसित देशांत सगळं आपोआप चालतं म्हणे, तिथे कसला अभ्यास करणार?

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. तुमच्या अहवालात मला 'की इन्फॉर्मंट', म्हणजे माहिती पुरवणारा मुख्य माणूस, म्हणतात आणि दोन पानांनंतर 'अनौपचारिक मध्यस्थ'. मानधन दोन्हीला सारखंच, म्हणजे आलं तर आलं. मागच्या वर्षी आमच्या गावात असा एक अभ्यास होऊन गेला. त्याचा अहवाल नुकताच कुणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. इंग्रजीत आहे. कॉलेजच्या पोरांनी वाचून सगळ्यांना अर्थ सांगितला. तेव्हापासून तुम्हाला मार्गदर्शन करावं असं फार वाटतंय.

यायचं ते जूनमध्ये. पाऊस पडून वापसा आला, पेरणीची झुंबड उडाली की लगेच निघा. सगळे रानात असतात, त्यामुळे गाव शांत मिळतं. घरी असतात त्या म्हाताऱ्या, त्यांना तुमचे सगळे प्रश्न संपेपर्यंत बसवून ठेवता येतं. मग नमुना यादृच्छिक, म्हणजे रँडम, पद्धतीने निवडला असं लिहायचं.

गावात फिरायला सरपंचांच्या पुतण्याची जीप घ्या. डिझेल तोच टाकतो.

जेवण गावातच. पैसे विचारू नका, माणसं दुखावतात.

मुख्य प्रश्न ठरलेला असतो, तो बदलू नका: 'ग्रामपंचायतीवर तुमचा किती विश्वास आहे? एक ते पाच यांत सांगा.' पुतण्या उंबऱ्यात उभा, म्हातारी ओसरीवर. ती तुमच्याकडे बघते, मग त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "पाच लिव बाळा, पाच." पुढच्या घरीही पाच. त्याच्या पुढच्या घरीही पाच. मग पुण्याला जाऊन रंगीत आलेख काढायचा आणि खाली लिहायचं की स्थानिक संस्थांवरील विश्वासाचे प्रमाण उल्लेखनीय आहे. आहेच! त्या विश्वासाला घरकुलाची यादी लागते, पाण्याचं कनेक्शन लागतं, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडकडे कुणीतरी काणाडोळा करावा लागतो.

आकड्यांची लाज बाळगू नका, थोरामोठ्यांनी हेच केलंय. जागतिक बँकेने १९८९ साली आफ्रिकेवरच्या अहवालात तिथलं दुखणं कारभाराचं आहे असं निदान केलं, आणि तेव्हापासून हा धंदा जोरात आहे. १९९६ पासूनचे तर देशांच्या कारभाराला गुण देणारे बँकेचे निर्देशांकच आहेत. सहा कसोट्या, दोनशेहून अधिक देश, गुण उणे अडीचपासून अधिक अडीचपर्यंत. भ्रष्टाचारावरचं नियंत्रण दशांशात मोजून मिळतं. त्याच बँकेचा व्यवसायसुलभतेचा एक अहवाल होता, त्याच्या क्रमवारीत वर चढण्यासाठी देशोदेशीची सरकारं धडपडायची. २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांतल्या आकड्यांमध्ये गडबड निघाली, चीन आणि सौदी अरेबियासारख्यांची नावं आली, आणि २०२१ मध्ये तो अहवालच बंद करावा लागला. याला काय म्हणायचं? म्हणायचं काहीच नाही. आमच्या ग्रामसेवकाने कॅशबुकात एक ओळ खाडाखोड केली तर तुम्ही त्यावर प्रकरण लिहिता, तेवढं पुरे आहे.

गावात सत्ता कुणाकडे आहे हे शोधताना सरपंचबाईंच्या नवऱ्यावर लक्ष ठेवा. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा आहेत, त्यामुळे तुम्हाला नवरे मुबलक मिळतील. नवरा खुर्चीत बसलेला, बाई चहा आणतेय, असा फोटो मिळाला तर मुखपृष्ठाची सोय झाली. चुकूनही विचारू नका की वित्त आयोगाचा पैसा ज्या डिजिटल सहीने निघतो तिची पेनड्राइव्हसारखी डोंगल रोज कुणाच्या ड्रॉवरमध्ये असते. सरपंचबाईंची डोंगल, ग्रामसेवकाची डोंगल, ती लावणारं कोण, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, सर्व्हर बंद असला की ठेकेदार आधी कुणाला फोन करतो, हे विचारलंत तर अधिकारसत्ता कुठे बसते ते तासाभरात कळेल. मग उरलेल्या तीन वर्षांच्या फेलोशिपचं करायचं काय?

तसंच, वर बघायचं नाही. हा नियम सोन्याने मढवून ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या आमच्या अनुदानातला साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असं दिल्लीत ठरलं. उरलेल्या चाळीस टक्क्यांतून काय काय कापलं जाईल त्याचं पत्र मुंबईहून यायचं. मग तुम्ही आम्हाला विचारता, गावाचा विकास आराखडा लोकसहभागातून का होत नाही? त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे, दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायलाच हवी असं तिच्यात लिहिलंय. आमच्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. याच काळात तुम्ही गावात होतात. अहवालात प्रकरण कशावर? 'ग्रामसभेतील अल्प उपस्थितीची सांस्कृतिक कारणे'. सांस्कृतिक! प्रशासक बसवला तो काय आमच्या कुलदैवताने?

पालकमंत्र्यांच्या स्वीय सहायकाला कधी एक ते पाच विचारलंय? ठेकेदाराला? ज्या संस्थेने तुमच्या अभ्यासाला पैसा दिला तिच्या संचालकांना? त्यांच्या ओसरीवर जाऊन, त्यांच्या पेरणीच्या दिवसांत?

असो. आता सर्वांत महत्त्वाची सूचना, गोपनीयतेची. गावाचं नाव बदलायचं. 'रामपूर' ठेवा, 'सोनवाडी' ठेवा, तुमची मर्जी. हे एकदा केलं की नीतिमत्तेचं काम संपलं. पुढे बिनधास्त लिहा: गाव नदीकाठी आहे, साखर कारखान्यापासून चार किलोमीटरवर, बाजार गुरुवारी, सरपंच पूर्वी अंगणवाडी मदतनीस होत्या. तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही कळेल गाव कुठलं. आणि मग लिहा की रेशनच्या धान्याबद्दल सर्वांत स्पष्ट बोलली ती वॉर्ड तीनमधली एक विधवा, बचत गटाची माजी अध्यक्ष, जिचा मुलगा पुण्यात रिक्षा चालवतो. तिच्या तोंडचे शब्द अवतरणात द्या: पावतीवर माणशी पाच किलो निघतात, पिशवीत तेवढे भरत नाहीत, आणि विचारलं तर दुकानदार अंगावर येतो. तिचं नाव द्यायचं नाही बरं का! नाव दिलं तर गोपनीयतेचा भंग होतो.

वॉर्ड तीनमध्ये अशा किती विधवा आहेत? एक. बचत गटाच्या माजी अध्यक्ष किती? एक. रिक्षा चालवणारा मुलगा कितीजणींचा? कॉलेजच्या पोराने तो परिच्छेद मोठ्याने वाचून अर्थ सांगितला तेव्हा पारावर बसलेल्या सगळ्यांनी एकदमच तिच्या घराकडे बघितलं. दुकानदारही तिथेच होता. त्या महिन्यापासून रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. बँकेत उमटतो, माझ्याकडे उमटतो, फक्त त्या दुकानात उमटत नाही. "उद्या या, नेट नाही." उद्या गेलं की, "आज मशीन तुमचा अंगठा घेत नाही, मी काय करू?" तक्रार टाकली, तिचा क्रमांक मिळाला, पुढे नेहमीचंच. ती माझ्या टेबलासमोर बसते आणि विचारते, "त्या पोरी म्हणाल्या होत्या ना, कुठंच नाव येणार नाही?" खरंच नाही आलं नाव.

तिच्याकडून घेतलेलं संमतीपत्र माझ्याकडे आहे. 'आपण कोणत्याही टप्प्यावर सहभाग मागे घेऊ शकता' असं त्यात छापलंय, खाली मोबाइल नंबर आहे. तो नंबर बंद आहे. ज्या बाईंनी सर्वेक्षण केलं त्यांची नोकरी प्रकल्प संपला तशी संपली, त्यांचाही काय दोष. प्रमुखांना मी ईमेल केली. उत्तर आलं की अहवाल नैतिकता समितीच्या मंजुरीनेच प्रसिद्ध झाला आहे आणि आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार.

रस? अहो, लाज वाटत नाही का?

तुम्ही आमच्याकडे काय मोजायला आला होता? पारदर्शकता. उत्तरदायित्व. ग्रामपंचायतीने पैशाचा हिशोब फळ्यावर लावला का, लोकांना समजेल अशा भाषेत लावला का, प्रश्न विचारणाऱ्याला त्रास होतो का. यांतली एक तरी कसोटी स्वतःला लावा. अहवाल आमच्या भाषेत दिलात? प्रसिद्ध करण्याआधी ग्रामसभेत वाचलात? प्रश्न विचारणारीला त्रास झाला तेव्हा कुठे होतात? ग्रामसेवक निदान बुधवारी तरी सापडतो, तुम्ही कुठल्याच वारी सापडत नाही. माहितीच्या अधिकारात आमचं दप्तर तीस दिवसांत मिळवता येतं. तुमचं कुठल्या खिडकीवर मागायचं?

आणि हे होत नाही असं सांगू नका. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात कोट किराणा गावात मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. कामाचे मस्टर मिळवले आणि ज्यांची नावं त्यात होती त्यांच्यासमोरच मोठ्याने वाचले. कोण कामावर होतं, कोण नव्हतं, पैसे कुणी उचलले, ते सगळ्यांसमोर निघालं. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून उभी राहिली. तेही कारभारावरचं संशोधनच होतं. गडचिरोलीत मेंढा-लेखाला जा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या त्या गावात अभ्यास गट आहेत. बाहेरचा माणूस आणि गावातला माणूस एकत्र बसतात, कायदा वाचतात, वाद घालतात. २००९ साली त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला तो असा अभ्यास करून. तुमच्यातले किती जण तिथे गेले आणि फोटो काढून आले, ते मला मोजायचं नाही.

ऐकलंय की पुढच्या टप्प्याचं सर्वेक्षण आहे, त्याच घरी परत जायचंय. जायचं नाही. आधी तो परिच्छेद काढा, जिथे जिथे अहवाल चढवलाय तिथून काढा. पुरवठा कार्यालयात तिच्याबरोबर जा, तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, तिथला साहेब तुम्हाला खुर्ची देतो, तिला देत नाही. मग अहवाल मराठीत करून आणा. दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे, माइक मी लावून देईन, पहिल्या पानापासून वाचा आणि लोक विचारतील त्याची उत्तरं द्या. पुतण्याच्या जीपमधून येऊ नका. एसटी सकाळी साडेनऊला येते.