डूख धरणारं नाक

साध्या सर्दीला निदान जनाची लाज असते. चार दिवस पाहुणचार घेते आणि आठवड्याभरात निघते. तिच्या रुग्णाला सहानुभूतीही मिळते. आमची ॲलर्जी मात्र मुक्कामाला येते, त्यामुळे सहानुभूती केव्हाच आटलेली असते. शिंकांचा सपाटा सुरू झाला की शेजारचा माणूस मुकाट्याने खुर्ची लांब सरकवतो. "हे संसर्गाचं नाही हो" असं सांगायला तोंड उघडावं, तर नेमकी पुढची शिंक त्याच्याच दिशेने सुटते.

सकाळी माझ्याआधी माझं नाक उठतं. सुरुवात टाळूच्या खाजेने होते. तिथे बोट पोचत नाही, म्हणून जीभ मागे नेऊन खरडायचं. त्याचा जो आवाज होतो, तो ऐकून घरच्यांनी मला उठवणं सोडून दिलंय. मग शिंकांची माळ, मग धार, आणि शेवटी दोन्ही नाकपुड्या ठप्प. तळव्याने नाक खालून वर रगडायची सवय इतकी मुरलीय की नाकावर आडवी रेघ उमटली आहे. डॉक्टर लोक या रगडण्याला चक्क 'ॲलर्जीचा सलाम' म्हणतात. दिवसभर मी हा सलाम ठोकत असते. कुणाला, ते मात्र विचारू नका.

डॉक्टरांकडे गेले ती नाक घेऊन. बाईंनी विचारलं, "लहानपणी कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे इसब होतं का?" होतं. "काही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात? घरात कुणाला दमा?" मावशीला आहे. एवढं झाल्यावर त्यांनी स्टेथोस्कोप काढून माझी छाती तपासली. तक्रार नाकाची, चौकशी अख्ख्या खानदानाची!

पण त्यांचं बरोबर होतं. नाक ही या दुखण्याची फक्त एक शाखा. मूळ खोड अंगाच्या स्वभावात असतं आणि तो स्वभाव बऱ्याचदा घराण्यातून येतो. तो कातडीवर निघाला की इसब किंवा गांधी, डोळ्यांत निघाला की लाली आणि चुरचुर, छातीत उतरला की दमा. पुष्कळ मुलांमध्ये आधी कातडी आणि खाणं कुरकुरतं, नाक आणि छाती नंतर येतात. सगळ्यांचाच प्रवास शेवटपर्यंत होतो असं नाही. नाक आणि फुप्फुसं एकाच श्वासमार्गाची दोन टोकं असल्यामुळे दम्याच्या बहुतेक रुग्णांचं नाकही कुरबुरत असतं.

गंमत म्हणजे पहिल्या भेटीत काहीच होत नाही. मनात डूख धरणारी माणसं असतात ना, समोर हसून बोलतात आणि घरी जाऊन सगळं टिपून ठेवतात, तसं आपलं शरीर. धूळ किंवा परागकण पहिल्यांदा आले की शरीर गुपचूप आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे तो कण ओळखणारी प्रथिनं, बनवतं आणि नाकात-कातडीत पहाऱ्यावर असलेल्या मास्ट पेशींवर बसवून ठेवतं. पुढच्या भेटीत तोच कण दिसला की काही मिनिटांत या पेशी हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन ओततात. नाकात ओतलं की शिंका, कातडीत ओतलं की गांधी. हाच प्रकार एकदम सगळ्या अंगात झाला, तर घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. तिथे विनोद संपतो. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तेही ताबडतोब.

या विषयाचा पाया घालणारे लोकही आमच्याच जमातीतले. जॉन बोस्टॉक या डॉक्टरने 1819 मध्ये लंडनच्या वैद्यकमंडळापुढे एका रुग्णाची कहाणी मांडली. रुग्ण तो स्वतःच! त्याने दोष उन्हाळ्याच्या उष्म्याला दिला. पुढे चार्ल्स ब्लॅकली या दुसऱ्या शिंकऱ्याने स्वतःच्याच नाकावर आणि कातडीवर प्रयोग करून 1873 मध्ये परागकणांना आरोपी केलं.

माझा आरोपी शोधायला कातडीची चाचणी झाली. तिच्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या, म्हणजे नाकाला मोकळं रानच. हातावर पेनने आकडे, आकड्यांशेजारी थेंब, प्रत्येक थेंबातून सुईची बारीक टोच. मग पंधरावीस मिनिटं हात टेबलावर आणि खाजवायला सक्त मनाई. एका आकड्याजवळ गांध फुगत चालली होती आणि मी तिच्याकडे दात आवळून बघत होते. नर्स पट्टी घेऊन ती मोजायला आली तेव्हा जरा अभिमानच वाटला.

आरोपी निघाला धुळीतला माइट. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जीव, राहायला माझ्याच गादीत, खायला माझ्याच अंगावरून झडलेली कातडी. पोसते मी, आणि शिंका येतात त्याच्या विष्ठेने! आता चादरी कडक गरम पाण्यात निघतात आणि नाकात रोज स्टेरॉइडचा फवारा जातो. तो पहिल्याच दिवशी जादू करत नाही, नेटाने मारावा लागतो. नाक तत्काळ मोकळं करणाऱ्या थेंबांची चटक मात्र वाईट. ते काही दिवसांपलीकडे चालवले, तर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं.

परवा एक सहकारी वैतागून म्हणाला, "मला मीटिंगची ॲलर्जी आहे."

मी विचारलं, "पहिल्या मीटिंगला काही त्रास झाला होता का?"

"छे! पहिली तर छान झाली होती."

"मग खरीच असणार," मी म्हटलं, आणि शिंकले.