तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: स्टोरेज डीआरएसच्या कामाबद्दल

नमस्कार सर,

त्या दुपारी तुमचं ईआरपी (बिलं-हिशोबांचं सॉफ्टवेअर) अडकलं, डिस्पॅचची बिलं निघेनात आणि आमचा फोनही लवकर लागला नाही. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.

पण आम्ही चालू करून दिलेल्या स्टोरेज डीआरएसबद्दल (भरलेल्या किंवा मंदावलेल्या स्टोरेजवरचा डेटा दुसरीकडे हलवणारी व्हीएमवेअरची सोय) एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "ऑटोमॅटिक सांगून पैसे घेतले. चालू केल्यावर दिवसभर काहीच हललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी हललं तेव्हा कंपनीचं काम बंद पाडलं." यातलं "काहीच हललं नाही" फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आमची फर्म लहान आहे. नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचतं.

तुमच्याकडचं स्टोरेज डीआरएस दोन गोष्टी बघतं, जागा आणि लेटन्सी (डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ). जागेची मर्यादा ८० टक्के ठेवलेली असते. तुमचं एक डेटास्टोअर (डिस्कच्या फाइल्स ठेवायची जागा) तिच्या बरंच वर गेलं होतं, त्यामुळे ती शिफारस लगेच आली आणि त्याच रात्री आम्ही फाइल सर्व्हरच्या डिस्क दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवल्या. व्हीएम (सर्व्हरवर चालणारं आभासी मशीन) चालूच होती, म्हणून कुणाला कळलं नाही. कळलं नाही म्हणजे झालंच नाही, असं कसं म्हणता?

लेटन्सीचं तसं नाही. १५ मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडली की लगेच डिस्क हलवली, असं ते करत नाही. निदान १६ तासांची आकडेवारी जमल्याशिवाय त्याबाबत शिफारसच येत नाही, आणि पुढेही तपासणी ८ तासांतून एकदाच होते. ते मुद्दाम तसं बनवलंय. मध्येच बॅकअप चालला, थोडा वेळ लेटन्सी चढली, आणि तेवढ्यावरून शेकडो जीबी हलायला लागले तर त्या हलवाहलवीचाच भार डिस्कवर येईल. हे काम सुरू करण्याआधी मी तुमच्या केबिनमध्ये बसून सांगितलं होतं, ईमेलमध्येही लिहिलं आहे.

आता दुसऱ्या दिवसाचं. आम्ही जाताना मॅन्युअल मोड ठेवला होता. म्हणजे शिफारस दिसते, पण माणसाने मान्य केल्याशिवाय काही हलत नाही. सकाळी तुमच्याच ऑफिसमधून ते 'फुल्ली ऑटोमेटेड' केलं गेलं. व्हीसेंटरच्या (हे सगळं जिथून सांभाळतात, त्या सॉफ्टवेअरच्या) इव्हेंट्समध्ये वेळ आणि लॉगिन दोन्ही आहेत. कुणाचं, ते इथे लिहिणार नाही. पुढची तपासणी नेमकी ऐन बिलिंगच्या वेळी आली आणि डेटाबेसच्या व्हीएमची कॉपी सुरू झाली. एका डेटास्टोअरवरून वाचायचं, दुसऱ्यावर लिहायचं, आणि दोन्ही एकाच स्टोरेज बॉक्समध्ये! मग ईआरपी स्लो होणारच. आम्हाला न विचारता केलेल्या बदलाचा ठपका आमच्यावर आला, हे मनाला पटत नाही.

पैशांबद्दल एवढंच, की लायसन्स तुमच्याकडे आधीपासून होतं. आम्ही फक्त कामाचे घेतले, तेही कोटेशनप्रमाणे.

फोनसाठी आणखी एका नंबरची व्यवस्था करायचं चाललंय. शिवाय ऑटोमेशन फक्त रात्री चालू राहील असं शेड्यूल लावून देऊ, त्याचा वेगळा चार्ज नाही. तुमच्या सोयीची वेळ कळवा. तोवर ते सेटिंग कृपया मॅन्युअलवरच राहू द्या.