‘कोणत्याही फरशीवर, कोणत्याही महिन्यात’: लाकडी फ्लोअरिंगच्या मेसेजला उत्तर

सातारा, कराड, सांगली भागातल्या घरबांधणीच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जुनी फरशी न काढता एका दिवसात ‘वुडन फ्लोअरिंग’ करून मिळेल, असं त्यात लिहिलंय. पुढे दावे असे: हे खरं लाकूड आहे, पूर्ण वॉटरप्रूफ आहे, कोणत्याही जुन्या फरशीवर बसतं, बाराही महिने बसवता येतं, वाळवी लागत नाही, १२ मिलिमीटर जाडी घेतली की आयुष्यभर बघायला नको, सागवान सगळ्यात कडक म्हणून सगळ्यात उत्तम. शेवटी गुडघेदुखीवरही उपाय!

मी साताऱ्यात सुतारकाम करतो आणि लाकडी फरश्या बसवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. लाकडी फरशी ही सुंदर गोष्ट आहे, ती घराघरांत यावी असंच मला वाटतं. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. त्यावर विसंबून केलेली फरशी पहिल्याच पावसाळ्यात फुगते, आणि मग सगळं गाव म्हणतं, ‘आपल्याकडे लाकूड टिकतच नाही.’

पहिला दावा, ‘खरं लाकूड’. दुकानात या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा बारीक लगदा रेझिन घालून दाबलेला एचडीएफ बोर्ड. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद असतो आणि सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी, त्यात लाकूड नावालाही नाही. इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लाय आणि वर अस्सल लाकडाचा थर. हा थर अर्ध्या मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतो. आणि चौथी सॉलिड, अखंड लाकडाची पट्टी. मेसेजमधल्या फोटोत सॉलिडचा दिमाख आहे, पण एका दिवसात, पट्ट्यांच्या खाचा एकमेकींत क्लिक करून बसणारा माल बहुतेक वेळा लॅमिनेट किंवा एसपीसी असतो. हे दोन्ही माल वाईट नाहीत. फक्त त्यांना पुढे कधी पॉलिशपेपर मारून नवं करता येत नाही. ओरखडा कागदापर्यंत गेला की पट्टीच बदलायची. इंजिनिअर्डवर तीन मिलिमीटरचा थर असेल तर एक-दोनदा घासून पुन्हा पॉलिश करता येतं. अर्ध्या मिलिमीटरवर मशीन लावलं की खालचा प्लाय उघडा पडतो.

‘बाराही महिने बसवा’ हा या मेसेजमधला सगळ्यात घातक दावा आहे.

लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करूनही हवेशी त्याची देवाणघेवाण थांबत नाही. हवा दमट झाली की ते पाणी ओढतं, कोरडी झाली की सोडतं. पावसाळ्यात दार चौकटीला घासायला लागतं, ते यामुळेच. मार्च-एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत उतरते. लाकूड त्या हवेत पुरेसे दिवस राहिलं तर त्याच्यातलं पाणी वजनाच्या सहा टक्क्यांकडे येतं. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तेच लाकूड सतरा टक्क्यांकडे निघतं. घरात पॉलिश, बंद खिडक्या, पंखे यांमुळे हा चढउतार कमी होतो, तरी सहा-सात टक्क्यांचा फरक धरूनच चालावं.

आता हिशोब करा. साग हे कमी हलणारं लाकूड म्हणून नावाजलेलं आहे. तरी पाच इंच रुंदीच्या सागाच्या पट्टीत सहा टक्के पाणी वाढलं, तर ती रुंदीला जवळपास दीड मिलिमीटर वाढू शकते. दहा फूट रुंदीच्या खोलीत सगळ्या पट्ट्यांची वाढ एकत्र धरली तर ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाते. लांबीला लाकूड जवळजवळ हलत नाही, सगळा खेळ रुंदीचा. एप्रिलच्या कडक उन्हाळ्यात पट्ट्या भिंतीला घट्ट भिडवल्या तर जुलैत त्यांना जायला जागा कुठे? त्या वर उचलतात, कडा उभ्या राहतात. ऑगस्टच्या ओल्या हवेत बसवल्या तर होळीपर्यंत फटी पडतात.

आपल्याकडे घाई नेमकी चुकीच्या वेळी असते. गौरी-गणपतीच्या आधी घर तयार हवं, म्हणून आषाढ-श्रावणात काम काढलं जातं. माझं सांगणं सरळ आहे: सॉलिड किंवा इंजिनिअर्ड लाकूड बसवायचं तर दसरा-दिवाळीनंतर. तेव्हा हवा वर्षाच्या मध्यावर असते, म्हणून पुढे दोन्हीकडची हालचाल निम्मी होते. लॅमिनेटलाही हाच महिना बरा, कारण एचडीएफही लाकूडच. पेट्या ज्या खोलीत बसवायच्या त्याच खोलीत किमान दोन दिवस आडव्या ठेवायच्या, सॉलिडला त्याहून बराच जास्त वेळ द्यायचा. तोवर खिडक्यांना काचा लागलेल्या हव्यात आणि गिलावा, पुट्टी, रंग वाळलेले हवेत. भिंतीच्या कडेने आठ ते दहा मिलिमीटरची मोकळी फट सोडायची आणि ती स्कर्टिंगने झाकायची. स्कर्टिंगचे खिळे भिंतीत मारायचे, फरशीत नाही. फरशी जागेवर खिळली गेली की फट सोडून उपयोग नाही.

एकाच जिल्ह्यातही हा नियम सगळीकडे सारखा लागत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास, माण-खटावात पाचशेच्या घरात. कोरड्या माणमधल्या दहिवडीत छान राहिलेली फरशी बघून कुणी पाचगणीच्या बंगल्यात तशीच करायला गेलं, आणि तो बंगला पावसाळाभर धुक्यात कुलूप लावून ठेवला, तर फरशीला दोष देण्यात अर्थ नाही.

आता ‘कोणत्याही जुन्या फरशीवर’. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर चांगली बसलेली व्हिट्रिफाइड टाईल असेल तर दावा बराचसा खरा आहे. फरशी नाण्याने वाजवून बघायची. पोकळ वाजणाऱ्या टाईल्स काढून पुन्हा बसवायच्या. गवंड्याची ॲल्युमिनियमची लांब पट्टी आडवी ठेवायची, दोन मीटरमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा दिसला तर आधी तो भरायचा. नाहीतर चालताना तिथे फरशी दबते, करकरते आणि काही महिन्यांत क्लिकची खाच तुटते. शिवाय पट्ट्यांखाली अंथरायचा फोम धरून उंची दहा ते पंधरा मिलिमीटर वाढते, म्हणजे दारं खालून कापावी लागतात. ‘एका दिवसात’ म्हणणाऱ्याने यातलं काही मोजलेलं नसतं.

तळमजल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी मातीच्या किंवा मुरमाच्या भरावावर थेट बसवलेली असते. ओल अडवणारा थर खाली नसतो. जमिनीतली ओल सांध्यांतून वर येते आणि उडून जाते, म्हणून फरशी कोरडी वाटते. तिच्यावर फोम आणि बोर्ड टाकला की ओलीची वाट बंद होते. ती आत साठते, बोर्डाला खालून भिजवते, बुरशी येते, खोलीत कुबट वास सुटतो. नदीकाठच्या गावांत आणि काळ्या मातीवरच्या घरांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तपासणीला खर्च नाही. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि एक पूर्ण दिवस-रात्र तसंच राहू द्या. आतल्या बाजूला थेंब धरले किंवा खालची फरशी काळपट झाली, तर तिथे लाकूड नको. हे पावसाळ्यात करावं, मे महिन्यातली कोरडी फरशी फसवते. नव्या बांधकामात ताज्या काँक्रीटलाही वेळ लागतो. जाडीच्या दर इंचाला वाळायला एक महिना, हा ढोबळ हिशोब बिल्डरच्या घाईसाठी मोडू नका.

‘पूर्ण वॉटरप्रूफ’ हे फक्त एसपीसीच्या पट्टीबद्दल म्हणता येईल. पट्टी पाण्याने फुगत नाही, बरोबर. पण सांध्यांतून आणि भिंतीच्या फटीतून पाणी खाली गेलं की ते तिथेच राहतं, आणि खालून वर येणारी ओल तर ती थांबवत नाहीच. लॅमिनेटचं दुखणं सांध्यात असतं. एचडीएफची कड एकदा पाणी पिऊन फुगली की वाळल्यावरही पूर्ण खाली बसत नाही. आपल्याकडे सणाला घर धुवायची रीत आहे, बादली ओतून खराट्याने पाणी ढकलायचं. ती सोडायची नसेल तर लॅमिनेट घेऊ नका, आणि स्वयंपाकघर, देवघर, बाथरूमच्या दारापुढची जागा इथे लाकडी फरशी नकोच. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसणं ज्या घरात जमेल, तिथेच ही फरशी नांदेल.

सांगलीकरांना तर वॉटरप्रूफ या शब्दाचा वेगळाच अर्थ माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागासारख्या नदीलगतच्या वस्तीत तळमजल्यावर कोणतीही लाकडी फरशी सुचवणं मला पटत नाही. एसपीसी पुरात कुजणार नाही, पण तिच्याखाली गाळ बसतो, आणि प्रत्येक पट्टी उचलून खालचा गाळ काढल्याशिवाय ती खोली राहण्यासारखी होत नाही. तिथे साधी फरशीच बरी, धुऊन मोकळं होता येतं.

वाळवीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे मेसेज उघड खोटं सांगतो. वाळवीला लागतं सेल्युलोज, म्हणजे लाकडाचा मुख्य घटक, आणि ते एचडीएफमध्येही आहे, प्लायमध्येही. बोर्डात गोंद आहे म्हणून ती लांब राहत नाही. ती जमिनीतून येते, जोत्याच्या भेगा, पाइपची भोकं, चौकटीचा पाय अशा वाटांनी. उघड्या फरशीवर तिच्या मातीच्या नळ्या डोळ्यांना दिसतात, फोमखाली दिसत नाहीत. पट्टी पायाखाली खचते तेव्हा कळतं. म्हणून तळमजल्यावर फरशीच्या आधी वाळवीप्रतिबंधक रसायन भिंतीच्या कडेने भोकं पाडून भरून घ्यायचं. उभ्या इमारतींसाठीची त्याची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. काम करणाऱ्याला ती विचारा.

सागाला वाळवी लागत नाही, असं म्हणतात. गाभ्याच्या लाकडाला सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागते, आणि आज स्वस्तात मिळणाऱ्या सागात पांढरा भाग बराच असतो. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे, त्याचं सागवानी काम आजही बघता येतं. तिथे जाल तेव्हा खांबांचे पाय बघा. आपले जुने सुतार खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभे करत, आणि घर उंच जोत्यावर घेत. लाकूड ओलीपासून दूर ठेवायची शिस्त त्या बांधणीतच होती. नुसत्या सागाच्या नावावर ते वाडे टिकलेले नाहीत.

आणि ‘सगळ्यात कडक’ तर साग मुळीच नाही. पाश्चात्त्य घरांत फरशीसाठी वापरला जाणारा ओक त्याच्याहून कडक आहे. आपली बाभूळही कितीतरी कडक, बैलगाडीची चाकं तिचीच करायचे. सागाचं मोल आहे ते कमी हलण्यात आणि अंगच्या तेलात. त्याच तेलामुळे गोंद आणि पॉलिश नीट धरत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं लागतं. लोखंडी खाटेचे पाय सागावर खळगे पाडतातच, सगळ्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा.

जाडीचा दावा लवकर आटपतो. १२ मिलिमीटरचं लॅमिनेट पायाखाली भरीव लागतं, आवाज कमी करतं, एवढंच. झीज ठरते वरच्या थरावर, आणि त्यासाठी पेटीवरचा एसी दर्जा, म्हणजे झीज सोसण्याची श्रेणी, बघायचा. घराला एसी ३ पुरतो, पोरंबाळं आणि सतत वर्दळ असेल तर एसी ४. एसी ४ चं ८ मिलिमीटर हे एसी २ च्या १२ मिलिमीटरपेक्षा जास्त वर्षं नवं दिसेल. ‘आयुष्यभराची वॉरंटी’ बहुधा याच वरच्या थराच्या झिजेपुरती असते. पाणी, वाळवी आणि चुकीची बसवणी त्यातून वगळलेली आहे का, हे बारीक अक्षरात वाचा.

गुडघ्यांचं म्हणाल तर दोन-तीन मिलिमीटर फोमवर बोर्ड ठेवल्याने गुडघेदुखी जात नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जावं. लाकूड थंडीत पायाला गार लागत नाही, हे मात्र खरं. ग्रॅनाइटच्या तुलनेत ते पायातली उष्णता फार हळू ओढतं. पौष-माघात सकाळी उठून फरशीवर पाय टेकवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो फरक कळतो. वरच्या मजल्यावर आई-वडिलांची झोपायची खोली असेल तर तीन मिलिमीटर थराचं इंजिनिअर्ड लाकूड मी आनंदाने सुचवतो, आणि बजेट कमी असेल तर एसी ३ लॅमिनेट.

काम देताना कोटेशनवर या गोष्टी लिहून घ्या: मालाचा प्रकार, वरच्या थराची जाडी किंवा एसी दर्जा, ओल अडवायला खाली टाकायच्या प्लास्टिकची जाडी (२०० मायक्रॉन मागा), कडेची फट, प्लास्टिक लावून केलेल्या ओल-चाचणीचा निकाल, दारं कापण्याचा खर्च कुणाचा, आणि काम कोणत्या महिन्यात सुरू होणार. यातलं काही लिहून द्यायला ठेकेदार तयार नसेल, तर ॲडव्हान्स देऊ नका.