ड्रुइड, चर्च आणि हॉलीच्या डहाळ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. इंग्लंडमध्ये नाताळात घर सजवायला वापरतात त्या हॉली, आयव्ही आणि मिसलटो या सदाहरित वनस्पतींवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. ही सगळी मुळात ड्रुइडांची, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या केल्टिक पुरोहितांची पूजा, चर्चने ती ढापली आणि मी ते सोयीस्करपणे वगळलं, हा पहिला. आणि सणासाठी झाडं तोडण्यापेक्षा प्लास्टिकचं झाड बरं, हा दुसरा.

ड्रुइड मुद्दामच वगळले. सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापणाऱ्या ड्रुइडाचं जे चित्र सगळीकडे फिरतं, ते पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाच्या एका उताऱ्यावर उभं आहे. ओकवरचं मिसलटो कापायचं, खाली पांढऱ्या कापडात झेलायचं, मग दोन पांढऱ्या बैलांचा बळी. हे सगळं गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, आणि चंद्राच्या सहाव्या दिवशी. हिवाळा, सण, घराची सजावट यांचा त्यात पत्ता नाही. मिसलटोखालच्या चुंबनाचे उल्लेख तर थेट १८व्या शतकाच्या अखेरीस भेटतात.

रोमन धागा मात्र खरा. सणासुदीला दाराला लॉरेल या सदाहरित झाडाच्या डहाळ्या लावायची तिकडे रीतच होती. पण चर्चची मंडळी त्यावर काय म्हणत होती? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन इ.स. २००च्या आसपास आपल्याच लोकांवर करवादतो, की दिवे आणि लॉरेल आता मूर्तिपूजकांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्या दारांवरच जास्त दिसतात! पुढे १६४७ साली प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांच्या जोरावर इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळच रद्द केला. त्याच डिसेंबरात लंडनच्या कॉर्नहिलवर कारागिरांकडे काम शिकणाऱ्या पोरांनी सार्वजनिक पाण्याच्या टाकीला हॉली आणि आयव्ही बांधली. ती उतरवायला खुद्द महापौर आले आणि राडा झाला. धर्ममार्तंड नको म्हणत होते आणि लोक बांधत होते. ढापाढापीच्या गोष्टीत हे कुठे बसवायचं?

माझ्या मते कारण फार साधं आहे. डिसेंबरात इकडे इंग्लंडात ओक, ॲश, बीच यांचे निव्वळ खराटे झालेले असतात. हिरवं उरतं ते हॉली, आयव्ही आणि यू नावाचं झाड. हॉलीची हाताशी येणारी पानं काटेरी, उंचावरची पुष्कळदा गुळगुळीत कडांची, आणि लाल फळं फक्त मादी झाडाला. मिसलटो म्हणजे आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचा लांबचा भाऊबंद. सफरचंदाच्या बोडक्या झाडावर त्याचे हिरवे गोळे लांबूनही दिसतात. पांढरं फळ चिरडलं की आतला गर बोटाला चिकटून तार सुटते. पक्षी चोच पुसायला फांदीवर घासतात, बी तिथेच चिकटतं आणि रुजतं. वूस्टरशरमधल्या टेनबरी वेल्सला नाताळाआधी या जुड्यांचे लिलाव होतात. दाराला आंब्याचे टाळे बांधताना आपण ते कुणाचे म्हणून विचारतो का? जवळ जे हिरवं असतं, ते माणूस बांधतो.

आता झाडतोड. हॉलीची छाटणी होते, झाड जात नाही. मिसलटो काढलं तर सफरचंदाचं भलंच होतं. नाताळची झाडं बहुतेक शेतातच लावलेली असतात. माणसाहून थोडं उंच झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेच्या अंदाजाने दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड, खऱ्या झाडामागे ते कचराडेपोत कुजलं तरी १६ किलो. प्लास्टिकचं झाड दरवर्षी तेच वापरणार असाल तर जरूर घ्या. दोन-तीन वर्षांत फेकणार असाल तर नको.

रागवायचंच असेल तर जागा दुसरी आहे. युरोपात नाताळचं झाड म्हणून खपणाऱ्या नॉर्डमन फरचं बी बरंचसं जॉर्जिया या कॉकेशसमधल्या देशातल्या राचा भागातून येतं. शंकू अगदी शेंड्याला लागतात, झाडं तीस मीटर आणि त्याहूनही उंच. माणसं वर चढून ते हाताने तोडतात, अनेकदा दोराशिवाय. पडून माणसं मेलेलीही आहेत. तुमच्या प्रतिक्रियेत याबद्दल एक ओळही नव्हती, आणि दुकानातल्या चिठ्ठीवरही ती सहसा नसते.