तिलाही पाने तीनच

हिवाळा आला की लोक हुरडा खायला रानात जातात. आम्ही वनस्पतिशास्त्रवाले नोंदी करायला जातो. वहीच्या डाव्या रकान्यात तापमान, उजव्यात झाडं: फुललं, फळलं, वाळलं. मधे कुडकुडणाऱ्या माणसासाठी रकानाच नसतो.

जानेवारीतली सकाळ, ताम्हिणीच्या अलीकडचं खोरं. तापमापी ९ अंशांवर. वर सड्यावर, म्हणजे पठारावर, याहून ऊब असते, कारण थंड हवा जड. रात्रभर उतारावरून ओघळते आणि खोऱ्यात साचून बसते. हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो आणि स्वतःचं काम दरवर्षी खोऱ्यातच काढतो. अंगात सासूबाईंनी विणलेला लोकरीचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी.

धायटी लालभडक फुलली होती, ती लिहिली. मग बांधावरच्या वेलीवर सोनेरी मखमलीच्या वाकड्या शेंगांचे घोस दिसले. खाजकुयली! ‘पळसाला पाने तीनच’ म्हणणाऱ्याने ही पाहिली नसावी. हिलाही तीनच, शेवटी दोघं एकाच शिंबी कुळातली भावंडं. हिच्या बिया म्हणजे कौंचबीज. कंपवातावर चालणारं एल-डोपा त्यांत असतं, म्हणून वैद्यांना फार प्रिय.

वैद्य शेंग तोडायला स्वतः जात नसावेत.

“सायेब, वाऱ्याच्या तोंडाला उभं ऱ्हाऊ नगा,” सोबतचे मामा म्हणाले. पण फोटोला उजेड त्याच बाजूने छान होता. कात्री लावली, तेवढ्यात झुळूक आली.

शेंगेवरची लव कातडीत सुईसारखी घुसते आणि तिच्यातलं म्युक्युनेन हे विकर आग लावतं. शास्त्रीय नावातल्या ‘प्रुरिएन्स’चा अर्थच खाज आणणारी. मला हे सगळं पाठ होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माकडाच्या टोपीत माणूस माकडासारखा खाजवत होता.

त्यात लोकर! साध्या सदऱ्यावरून लव झटकता तरी आली असती. स्वेटरने ती पोटच्या पोरासारखी धरून ठेवली. स्वेटर ठेवला तर खाज, काढला तर ९ अंश. मी तो चार वेळा काढला आणि पाच वेळा घातला. हे गणित कसं जमलं, ते अजून कळलेलं नाही.

“पानी लावू नगा. राख चोळा,” मामा म्हणाले. त्यांच्या चुलीपुढे बसून मी चोळली. घरी पोचलो तेव्हा बायकोने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कुंभमेळा होता का?”

स्वेटर बाल्कनीत टांगला. शेंगा, नमुने दाबतात तशा, रविवारच्या वर्तमानपत्रात घालून टेबलावर ठेवल्या आणि आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर सासरे चष्मा लावून, तोच पेपर मांडीवर उघडून बसलेले.

“जावईबापू, शब्दकोडं अर्धंच सोडवलंय तुम्ही. आडवे सात, तीन अक्षरी...” एवढं म्हणून ते थांबले आणि डावं कोपर खाजवू लागले.