फ्रिजशेजारी आडवं होण्याआधी

लातूरहून मावशीचा फोन. “फ्रिज आन् भिंतीच्या मधी मी मावंना रे. आता कुठं आडवं व्हावं?” तिला ‘जीवनाचा त्रिकोण’ नावाचा फॉरवर्ड आला होता: भूकंपात टेबलाखाली गेलात तर चिरडाल, फर्निचरशेजारी आडवे व्हा, छत कोसळलं तरी तिथे त्रिकोणी पोकळी उरते. पुरावा म्हणून ढिगाऱ्यात अडकलेल्या दोन मुलांची क्लिप. शेवटी ठळक अक्षरात, ‘हे माहीत असतं तर किल्लारीत हजारो वाचले असते!’

ती क्लिप २०१० च्या ‘आफ्टरशॉक’ या चिनी चित्रपटातली. तांगशानच्या १९७६ च्या भूकंपात जुळी भावंडं एकाच स्लॅबखाली अडकतात आणि दोघांतल्या एकालाच काढता येईल, असं आईला सांगितलं जातं. अभिनय आहे तो, आणि त्रिकोणाचा त्यात काही संबंध नाही.

किल्लारीचं वाक्य मात्र डोक्यात गेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, गाव गाढ झोपलेलं. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, त्यांवर माळवदाचा मातीचा थर. भिंती फुगून फुटल्या आणि माळवद खाली आलं. अशा घरात पोकळी राहत नाही, माती सगळीकडे भरते. सुमारे १० हजार माणसं गेली ती घरांच्या बांधणीमुळे. कुठं झोपावं हे कळलं नाही म्हणून गेली, असं त्यांच्या घरच्यांना तोंडावर सांगून बघा.

त्रिकोणाचा हा सल्ला डग कॉप नावाच्या माणसाचा. त्याचा मोठा आधार म्हणजे १९९६ चा तुर्कस्तानातला प्रयोग: इमारतीत माणसांऐवजी पुतळे ठेवून ती पाडली. नंतर तज्ज्ञांनी दाखवून दिलं की तिथे इमारत खांब पाडून कोसळवली होती, जमीन हादरलीच नव्हती. खऱ्या भूकंपात फ्रिज जागचा सरकतो, कपाट उलटतं. ज्याच्या शेजारी निजलात तेच अंगावर येतं.

बरं, ढिगाऱ्यात पोकळ्या राहतात हे खरं. बचावपथकं त्याच शोधतात. पण पोकळी कुठे उरेल हे आधी कोणाला कळतं? हादऱ्यात जिन्याकडे धावू नका, हे त्या फॉरवर्डमधलं वाक्यही बरोबर. गाडीतून उतरून तिच्याशेजारी झोपा, हे मात्र काहीच्या काही. मोकळ्या जागी गाडी थांबवून आतच बसायचं.

स्लॅबच्या घरात मजबूत टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरायचा, हे मावशीला समजावलं. मग विचारलं, फ्रिजवर काय ठेवलंयस?

“लोणच्याची बरणी. आन् गव्हाचा डबा.”

तो आधी खाली उतरव म्हटलं.