ओढ्यातली खेकडीण लाखांनी पिल्लं देत नाही

मृग अजून लागायचा होता तेव्हापासून शिराळा भागातल्या निम्म्याअधिक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो एकाच दिवशी चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझे जवळचे पाहुणे. मेसेज लांबलचक आहे, त्याचा गाभा असा: "खेकड्याची एक मादी एका वेळी वीस-तीस लाख अंडी घालते, त्यामुळं कितीही धरले तरी खेकडे संपत नाहीत. आपले बापजादे बुट्ट्या भरभरून आणायचे. श्रावणात आपण खातच नाही, तेवढी बंदी पुरे. खेकडे कमी झाले ते कारखान्याच्या मळीनं. शिवाय ते बांध पोखरतात, धरणं फोडतात, मग धरले तर बिघडलं काय? पिंजऱ्यांवर मर्यादा म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. पुढे पाठवा."

याला निमित्त आमच्या गावचा ठराव. डोंगरातून उतरून वारणेला मिळणारा आमचा ओढा आता लांबलांबच्या लोकांना माहीत झालाय. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इस्लामपूर, कराड, कोल्हापूरकडनं गाड्या येतात. म्हणून ग्रामसभेत विषय मांडला: घरटी दोन पिंजरे, खेकडे विकून ज्यांची चूल पेटते त्या घरांना सहा, मृगापासून आषाढ अमावास्येपर्यंत पोटाशी अंडी किंवा पिल्लं असलेली मादी जागच्या जागी सोडायची, बिळं खणायची नाहीत, करंट आणि औषध अजिबात नाही, प्रत्येक पिंजऱ्याला नावाची पट्टी, आणि सकाळी तो उचलायचाच. ठरावात एवढंच आहे. यात खेकडा खाऊ नका असं कुठंही लिहिलेलं नाही. मी स्वतः खेकडे खात मोठा झालो. पाय पाट्यावर ठेचून, पाणी गाळून केलेला आईच्या हातचा रस्सा अजून तोंडात आहे. तो पुढच्या पिढीलाही मिळावा असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

आता मेसेजातला पहिला दावा, वीस-तीस लाख अंड्यांचा. बाकीचा सगळा मेसेज याच खांबावर उभा आहे, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

लाखांनी अंडी घालणारा खेकडा आहे, पण तो समुद्राचा. कोकणात खाडीत, खारफुटीच्या चिखलात जी मोठी चिंबोरी मिळते तिची मादी खरोखरच लाखांच्या घरात अंडी घालते. ती अंडी सोडायला खोल पाण्याकडे जाते. अंड्यातून निघणारं पिल्लू खेकड्यासारखं दिसतसुद्धा नाही. डोळ्याला जेमतेम दिसेल असा तो जीव कित्येक दिवस पाण्यावर तरंगत राहतो, रूपं पालटतो आणि त्यातले बहुतेक माशांच्या पोटात जातात. लाखांतून मोजके जगतात, म्हणून अंडी लाखांनी लागतात.

आपल्या ओढ्यातल्या काळ्या खेकड्याचं गणितच निराळं आहे. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी मोठी असतात आणि मोजकी असतात, फार तर काहीशे. पिल्लाची सगळी वाढ अंड्याच्या आतच होते. बाहेर येतो तो आठ पाय आणि दोन नांग्या असलेला पुरता खेकडा, फक्त ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि तो लगेच पाण्यात जात नाही. मादीच्या पोटाखाली जे रुंद झाकण असतं, त्याच्या आत आईला चिकटून तो काही दिवस काढतो.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांनी या पावसात एकदा पाहावं. मागच्या आषाढात एका पोरानं धरलेली खेकडीण मी हातात घेतली. पाठीमागून दोन बोटांनी धरून उलटी केली, तर झाकण फुगलेलं, नीट बंदही होत नव्हतं. नखानं जरासं उचललं आणि आत सगळं हलत होतं. फिक्या पिवळसर रंगाची, कवच अजून मऊ असलेली पिल्लं एकमेकांवर चढून बसली होती. दोन-चार माझ्या अंगठ्यावर आली आणि तिरपी चालत पुन्हा झाकणाकडेच गेली. ते पोरगं बघतच राहिलं. त्याच्या बुट्टीत अशा आणखी पाच होत्या. एक मादी रश्श्यात गेली की त्या वर्षाचा तिचा सगळा वंश गेला. तिच्या मागं कुठं पाण्यावर लाखो अंडी तरंगत राहिलेली नसतात.

यातलीच दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. समुद्रातली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात, त्यामुळं एक खाडी रिकामी झाली तरी दुसरीकडची पिल्लं तिथं येऊ शकतात. ओढ्याच्या खेकड्याला ती सोय नाही. तो चालत जाईल तेवढाच. एक ओढा रिकामा झाला तर शेजारच्या ओढ्यातून डोंगराची सोंड ओलांडून यायला त्याला किती वर्षं लागतील, विचार करा. म्हणूनच सह्याद्रीत खेकड्यांच्या कितीतरी जाती अशा आहेत ज्या एखाद्याच पठारावर किंवा एखाद्याच खोऱ्यात सापडतात. 2016 साली शास्त्रज्ञांनी या डोंगररांगांतून पाच नव्या जातींची नोंद केली. आपल्या उशाशी काय काय आहे ते अजून पुरतं मोजूनही झालेलं नाही.

समुद्रात लाखांनी अंडी घालणारे जीव असूनसुद्धा तिथं जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असतेच. 2023 साली राज्य सरकारनं समुद्रातल्या 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासळी धरायची नाही म्हणून. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, तोही पापलेट कमी होत चाललं म्हणूनच. लाखांचा हिशोब असलेल्या दर्याला मर्यादा लागते, तर शेकड्यांचा हिशोब असलेल्या ओढ्याला ती जास्तच लागणार.

"श्रावणात आपण खातच नाही." हा मुद्दा मला मेसेजातला सगळ्यात विचार करण्याजोगा वाटला, कारण तो आपल्या घरातला आहे. श्रावण पाळण्यानं पाण्याला विसावा मिळतो हे खरंच आहे. अडचण तारखांची आहे. खेकडीण उन्हाळ्यात खोल बिळात ओलीला धरून बसते, अंडी तिच्या पोटाशीच असतात. वळीव आणि मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की ती बाहेर पडते आणि पिल्लं सोडते ती ज्येष्ठ-आषाढात. आपला श्रावण 2024 ला लागला 5 ऑगस्टला, 2025 ला 25 जुलैला. अधिक मास आला की तो आणखी पुढं सरकतो. म्हणजे आपण जेव्हा थांबतो तेव्हा पिल्लं सोडून झालेली असतात, आणि जेव्हा थांबायला हवं त्या आषाढात आपण श्रावण येणार म्हणून दुप्पट धरतो. आषाढ अमावास्येच्या आधीच्या रविवारी आमच्या पुलाखाली उभं राहून मी पिंजरे मोजले. नजरेला पडतील एवढ्यातच एकतीस होते. त्यातले गावातल्यांचे चार.

बापजाद्यांच्या बुट्ट्यांबद्दल कुणी बोललं की मला माझे आजोबा आठवतात. ते कंदील घेऊन जायचे, पुढं बॅटरी आली. काठीला कोंबडीचं आतडं बांधून दगडाच्या सापटीत धरायचं, खेकड्यानं पकडलं की हळू ओढायचं. रात्रभर दोन माणसं फिरली तर एक बुट्टी. ती भावकीत वाटली जायची, कारण विकायला न्यायची तर रस्ता नव्हता आणि बर्फही नव्हता. आणि पोटाशी पिल्लं असलेली निघाली तर "लेकुरवाळी हाय, जाऊ दे" म्हणून सोडायचे. हा नियम मी पुस्तकात वाचलेला नाही, आजोबांच्या तोंडून ऐकलेला आहे. आजचा पिंजरा घडी घालून डिकीत मावतो, एका माणसाला दहा लावता येतात, आणि तो झोपत नाही. बुट्टी तीच असली तरी तिच्यामागची माणसं, गाड्या आणि गिऱ्हाईक किती वाढलं ते बघा.

पिंजऱ्याचं आणखी एक आहे, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. ओढ्याला अचानक पाणी चढलं की पिंजरे वाहतात. मालक दुसऱ्या दिवशी निघून गेलेला असतो. मागच्या दिवाळीत पाणी उतरल्यावर जांभळीच्या मुळांत अडकलेला एक पिंजरा मी काढला. आत सात खेकड्यांची नुसती कवचं, एक अर्धमेला खेकडा आणि एक मेलेला पाणसाप. आमिष कधीच संपलं होतं, पण आत मेलेला खेकडाच पुढच्याला आमिष होत होता. ज्याच्यातलं कुणाच्या ताटात गेलं नाही असा तो पिंजरा चार महिने धरतच राहिला. नावाची पट्टी आणि सकाळी उचलायची अट यासाठी आहे.

मळीच्या मुद्द्यावर मी भांडणार नाही. कृष्णेचं पाणी सांगलीजवळ काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता, आणि शेरी नाल्याचं सांडपाणी हे सांगलीचं कित्येक वर्षांचं दुखणं आहे. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे, मीही बोलतो. पण आमचा ओढा डोंगरातून येतो. त्याच्या वरच्या अंगाला कारखाना नाही, शहर नाही. वरती आहे ते चांदोलीचं जंगल, जे 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं मळी कुठून येणार?

खरं सांगायचं तर मेसेजात नाहीत अशी दोन कारणं आमच्याच हातची आहेत. एक, उसावर आणि भातावर औषध मारून झालं की पंप ओढ्यात धुतला जातो. किडीचं कवच आणि खेकड्याचं कवच एकाच जातकुळीतलं, किडीला मारणारं औषध खेकड्याला सोडत नाही. दोन, ओढा खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबीनं काठ सरळ केले, दगड उचलले, करंजाची मुळं उपटली. ज्या काठात बिळं होती तो काठच उरला नाही. पाणी साठलं हे चांगलंच झालं, पण थोडे वळणाचे, दगडाचे तुकडे तसेच ठेवायला काय हरकत होती? ही कारणं खरी आहेत म्हणून पिंजऱ्यांचं कारण खोटं ठरत नाही. आधीच घटलेल्यातून जास्त काढलं तर ते लवकर संपतं.

बांध पोखरण्याबद्दल: भाताच्या खाचराच्या बांधाला खेकडा भोकं पाडतो, पाणी रातोरात उतरतं, कोवळी रोपं कुरतडतो. हे ज्यानं सोसलंय त्याच्याशी मी वाद घालत नाही. ठरावही ओढ्यापुरता आहे, स्वतःच्या खाचरातला खेकडा कुणीही धरावा. पण "धरणं फोडतात" हे कुठून आलं ते आठवा. 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडं बोट दाखवलं. धरणाला गळती आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. मातीच्या भिंतीला बीळ पडू शकतं, म्हणूनच तिची देखभाल करायची असते. त्या रात्री गेलेल्या माणसांचं कारण असं एका ओळीत खेकड्यावर ढकलून ते पुढे पाठवणं मला फार वाईट वाटतं.

राहिला गरिबाच्या पोटाचा प्रश्न. आमच्या गावात खेकडे विकून पावसाळा काढणारी तीन घरं आहेत. ठराव मांडण्याआधी आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो. त्यातल्या एक मावशी बाजारात वाटे लावून बसतात. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देतो: "आधी चार वाटं व्हायचं, आता दोन व्हत न्हाईत. गाडीवाली पोरं माझ्या आधी हुबी असत्यात." सहा पिंजऱ्यांचा आकडा त्यांनीच सांगितला. आम्ही पाच लिहिले होते. मेसेज लिहिणाऱ्यानं ज्या गरिबाचं नाव घेतलंय त्याला एकदा विचारून तरी बघायचं होतं. ओढा रिकामा झाला तर गाडीवाला पुढच्या ओढ्याला जाईल, मावशी कुठं जाणार?

मेसेजाखाली कुणीतरी असंही जोडलंय की करंट लावणं आणि औषध टाकणं "जुनीच पद्धत" आहे, त्याला नावं कशाला ठेवता. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला 1897 च्या, इंग्रजांच्या काळातल्या कायद्यातसुद्धा शिक्षा होती. तारेवर आकडा टाकून पाण्यात सोडलेला करंट खेकडा, मासा, बेडूक आणि पाय घातलेलं पोरगं यांत फरक करत नाही. यावर याहून जास्त लिहायची गरज मला वाटत नाही.

ठराव पुढच्या ग्रामसभेत पुन्हा येणार आहे. ज्यांना आकड्यांवर हरकत आहे, दोन कमी वाटतात, सहा जास्त वाटतात, त्यांनी तिथं येऊन बोलावं, बदल करता येईल. तोवर येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही काहीजण पुलापासून संगमापर्यंत अडकून पडलेले बेवारशी पिंजरे काढायला निघतोय. येताना कोयता आणि जाड हातमोजे आणा, पोती आमच्याकडं आहेत. पिंजऱ्यात जिवंत निघेल ते तिथंच सोडायचंय, तेवढं पोरांना आधी सांगून ठेवा.